मऊ पेडलचे निदान

तुळजापूर हे गाव बालाघाटाच्या डोंगरमाथ्यावर वसले आहे. सोलापुराकडून येणारी मोटार अखेरीस घाट चढूनच आई भवानीच्या दाराशी पोहोचते. आणि दर्शन, ओटी, नैवेद्य आटोपून ती परत फिरली म्हणजे तोच घाट तिला उतरावा लागतो. चढताना कसोटी लागते ती एंजिनाची. उतरताना लागते ती ब्रेकची. शिवाय या रस्त्याचा एक विशेष आहे. नवरात्रात व आश्विनी पौर्णिमेस सोलापुराच्या व कर्नाटकाच्या बाजूने निघालेल्या यात्रेकरूंचे थवेच्या थवे याच वाटेने पायी चालत असतात. म्हणून ज्याच्या गाडीचा ब्रेक कच्चा, तो केवळ आपल्याच मुलाबाळांस संकटात लोटतो असे नव्हे. परक्यांच्या मुलाबाळांसही लोटतो.

एकत्र कुटुंबात मोटार बहुधा एकच असते, ती दहापंधरा वर्षे वापरली जाते आणि घरातील तिघेचौघे ती चालवितात. पेडल दिवसेंदिवस मऊ होत जाते, परंतु रोजच्या पायास त्याची सवय जडते. मग एखादे दिवशी परगावचे जावई गाडी हाती घेतात व म्हणतात, "पेडल फारच खाली जाते हो!" त्यावर घरातून उत्तर मिळते, "आमच्या गाडीचे तसेच आहे." या 'तसेच आहे' विषयी आज चार शब्द लिहिण्याचा आमचा हेतू आहे.

प्रथम ब्रेकची घटना ध्यानात घ्यावी. बंद भांड्यातील द्रवावर एके ठिकाणी दाब दिला असता तो सर्व दिशांस सारखाच पोहोचतो, हा सिद्धान्त सतराव्या शतकात पास्कल या फ्रेंच पंडिताने मांडला. त्याच तत्त्वावर माल्कम लॉकहीड याने मोटारीचा ब्रेक योजिला, आणि १९२१ साली अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग कंपनीच्या मोटारीत चारही चाकांस असे ब्रेक आले. आपण पेडल दाबतो तेव्हा मास्टर सिलिंडरातील दट्ट्या ब्रेक ऑइल पुढे ढकलतो. ते बारीक नळ्यांतून चाकापाशी जाते व तेथील मोठ्या दट्ट्यास रेटते. चाकाकडील दट्ट्याचे क्षेत्रफळ तिप्पट असेल तर जोरही तिप्पट होतो. पण मोबदल्यात तो सरकतो एकतृतीयांशच. तात्पर्य, पायाने चाललेले अंतर हे या यंत्राचे भांडवल होय, आणि ते अन्यत्र खर्ची पडू लागले की पेडल मऊ लागते.

आता हे भांडवल खर्ची पडते कोठे? वाटा मुख्यतः पाच. पहिली, नळीत शिरलेली हवा. द्रव दाबाने आक्रसत नाही म्हटले तरी चालेल. हवा मात्र सहज आक्रसते. दुसरी, जुने तेल. ब्रेक ऑइल हवेतील ओल शोषून घेते. 'डॉट ३' जातीच्या ताज्या तेलाचा उत्कलनबिंदू निदान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, 'डॉट ४' चा २३०. पण ओल शिरल्यावर तीच मर्यादा अनुक्रमे १४० व १५५ अंशांवर येते. मग लांब उतारावर ब्रेक तापले की तेलाची वाफ होते, आणि वाफ ही हवेसारखीच दबते. तिसरी, मास्टर सिलिंडरातील झिजलेले रबर. चौथी, मागील चाकांच्या लायनरांत व ड्रममध्ये वाढलेले अंतर. आणि पाचवी, लवचिक नळ्या. चाक वळते व खालीवर होते, म्हणून लोखंडी नळी चाकापर्यंत नेता येत नाही. शेवटचा हात-दीड हात होज पाइपाचा असतो. त्यातील रबर वर्षानुवर्षांच्या उष्णतेने शिथिल झाले की दाबाबरोबर नळी फुगते, आणि चाकास मिळावयाचे तेल नळीचे पोट भरण्यातच जाते.

या पाचव्या कारणावर हल्ली एक उपाय फार बोलबाल्यात आहे. आत टेफ्लॉनची नळी व तिच्यावर न गंजणाऱ्या पोलादी तारेचे विणलेले कवच, अशी नळी मिळते. ती फारच थोडी फुगते. उपाय खरा आहे. पण तो एका कारणावरचा आहे, पाचांवरचा नव्हे.

आमच्या पुतण्याची हकीकत येथे सांगण्यासारखी आहे. गतवर्षी तो पुण्याहून कुलधर्मासाठी सहकुटुंब आला. गाडी चौदा वर्षांची, पेडल मऊ. आणि विणीच्या नळ्यांचा जोड त्याने येतानाच विकत आणलेला. वहिनींचा हट्ट होता की, गाडी मिस्त्रीस दाखविल्यावाचून नातवंडांना घेऊन घाट उतरावयाचा नाही. गावातील मिस्त्री वयस्क व अनुभवी. त्यांनी नळ्यांची पुडी बाजूस ठेविली व म्हणाले, "दादा, नळ्या बसवू की. पण आधी दुखणं कुठं हाय ते तर बघू."

त्यांनी एंजिन चालू ठेवून पेडल मिनिटभर सारख्या जोराने दाबून धरावयास सांगितले. पेडल खाली सरकले नाही. अर्थात मास्टर सिलिंडर बहुतांशी शाबूत. मग लागोपाठ तीनचार वेळा दाबावयास सांगितले, तेव्हा ते थोडे वर येऊन टणक झाले. हे हवेचे किंवा लायनरांच्या अंतराचे लक्षण. टाकीतील तेल काढ्यासारखे काळपट दिसत होते. त्यांनी मागील लायनर जुळविले, नवे तेल भरले व एकेका चाकाशी हवा काढली. बुडबुडे बरेच निघाले. पेडल निम्म्याने सुधारले, तरी त्याचा स्पंजासारखा स्पर्श पुरता गेला नाही. तेव्हा त्यांनी पुढच्या चाकाची नळी दाखवून म्हटले, "गुरुजी, हात लावून बघा." पुतण्याने पेडल दाबताच ती नळी आमच्या बोटांखाली श्वास घेतल्यासारखी फुगली, धातूच्या टोकाशी रबरास बारीक भेगाही होत्या. नळ्या बदलण्याची गरज आता सिद्ध झाली. त्या बदलल्या, पुन्हा हवा काढली, आणि पेडल वरच्यावर व ठाम लागू लागले.

यातील मर्म असे की, नळी बदलावयाची तर तेल नवे घालावे लागते व हवा काढावीच लागते. म्हणून नव्या नळ्यांस जे श्रेय लोक देतात, त्यातील पुष्कळसे नव्या तेलाचे व निघून गेलेल्या हवेचे असते. मिस्त्रींनी एकेक पायरी निराळी केली, म्हणून कोणत्या उपायाने किती गुण आला हे आम्हांस कळले. वैद्य नाडी पाहण्यापूर्वी मात्रा उगाळीत नाही. यंत्राच्या बाबतीतही तोच क्रम हवा.

विणीच्या नळीपासून काय अपेक्षावे तेही स्पष्ट असावे. तिने पेडलचा स्पर्श निश्चित होतो. ब्रेकची अंगची शक्ती वाढत नाही. टायर गुळगुळीत असेल तर नळी काय करणार? नुसत्या कुटुंबाच्या गाडीस मूळ मापाची, नव्या रबराची नळीही पुरेशी असते. विणीचीच घ्यावयाची तर मानकाची छाप असलेली व आपल्याच गाडीसाठी केलेली घ्यावी. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून व चाक लोंबते सोडून नळी कोठे ताणली जात नाही, कोठे घासत नाही, हे पाहावे. कारण पोलादी वीण शेजारची वस्तू कानशीसारखी कापते, आणि आतील नळीची इजा वीण झाकून टाकते. काम चालू असता कॅलिपर नळीवर लोंबू देऊ नये. ज्या गाडीस एबीएस आहे तिच्या झडपांत हवा अडकली तर ती काढण्यास विशेष उपकरण लागते. ते जेथे आहे तेथेच काम द्यावे. लोखंडी नळी गंजली असेल तर साधी तांब्याची नळी जोडून वेळ मारून नेऊ नये. आणि ब्रेकच्या टाकीत एंजिन ऑइल चुकूनही घालू नये. त्याने आतील सारे रबर फुगून निकामी होते.

राहिला घाट. १,२०० किलो वजनाची भरलेली गाडी १०० मीटर खाली उतरली म्हणजे सुमारे १२ लक्ष ज्यूल शक्ती कोठेतरी मुरवावी लागते; साडेतीन लिटर थंड पाणी उकळण्याइतकी ती उष्णता आहे. ती सगळी ब्रेकवर टाकावयाची की काही एंजिनावर सोपवावयाची, हे चालविणाराच्या हाती असते. ज्या गिअरात घाट चढलो, साधारण त्याच गिअरात तो उतरावा. पेट्रोल वाचविण्यासाठी एंजिन बंद करून गाडी सोडून देणे ही तर आत्मघाताची काटकसर होय. एंजिन थांबले की ब्रेकला मिळणारे निर्वाताचे साहाय्य दोनतीन दाबांतच संपते व पेडल दगडासारखे होते.

खंडेनवमीस व दसऱ्यास आपण गाडी धुतो, हार घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. तो आचार सोडावा असे आम्ही मुळीच म्हणत नाही. त्या आधीच्या आठवड्यात मात्र घरातील कर्त्या पुरुषाने अगर कर्त्या स्त्रीने गाडी मिस्त्रीकडे न्यावी, नळ्यांस हात लावून पाहावा, आणि दर दोन वर्षांनी तेल नव्या, बंद डब्यातील घालावे. तेल बदलल्याची तारीख पंचांगाच्या मलपृष्ठावर लिहून ठेवावी, म्हणजे गाडी घरातील कोणाच्याही हाती असो, पुढील तेलाचा दिवस चुकणार नाही.