अल्प अंतराची दुसरी मोटार : वापरलेल्या गाडीच्या निवडीचा अर्थविचार

ठाणे आणि कल्याण-डोंबिवली ह्या शहरांची वाढ लोहमार्गाच्या आधाराने झाली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली आगगाडी ठाण्यास पोहोचली आणि पुढच्याच वर्षी हा मार्ग कल्याणपर्यंत गेला. मुंबईत नोकरी करणारा येथील रहिवासी आजही लांबचा प्रवास मुख्यतः लोकलनेच करतो. तथापि सर्वांचीच नोकरी आता मुंबईत नसते. वागळे इस्टेट, डोंबिवलीची औद्योगिक वसाहत, ठिकठिकाणची महाविद्यालये, रुग्णालये आणि बँका ह्यांमुळे घरापासून चार-पाच किलोमीटरांवर रोज जाणाऱ्यांचा एक मोठा वर्ग निर्माण झाला आहे. घरातील पहिली गाडी एका व्यक्तीच्या उपयोगात असते. दुसऱ्या व्यक्तीच्या ह्या अल्प प्रवासासाठी वापरलेली मोटार घ्यावी काय, आणि घ्यावयाची तर कोणती, हा अशा कुटुंबांपुढील प्रश्न होय.

ह्या प्रश्नाचा विचार बहुधा पहिल्या गाडीच्याच निकषांनी केला जातो. गाडी लिटरला किती धावते, आजवर किती किलोमीटर झाली आहे आणि दिसावयास कशी आहे, हे तीन प्रश्न आधी विचारले जातात. परंतु अंतर अल्प असले की निकषांचा क्रमच बदलतो. मोठ्या अंतरासाठी जे प्रधान, ते येथे गौण ठरते. आणि जे तेथे सहज खपून जाते, ते येथे महाग पडते.

खर्चाचा हिशेब

एका गृहीत उदाहरणाने हे स्पष्ट होईल. जाण्याचे पाच आणि येण्याचे पाच असे दिवसाला दहा किलोमीटर, आणि वर्षात कामाचे २५० दिवस धरले, तर वार्षिक प्रवास २,५०० किलोमीटर होतो. शहरातील गर्दीत लिटरला १२ किलोमीटर धावणाऱ्या गाडीस सुमारे २०८ लिटर पेट्रोल लागेल. लिटरचा भाव १०४ रुपये धरल्यास हा खर्च सुमारे २१,७०० रुपये येतो. लिटरला १८ किलोमीटर धावणाऱ्या गाडीस तो सुमारे १४,५०० रुपये येईल. म्हणजे ज्या 'अ‍ॅव्हरेज'ची एवढी चौकशी होते, त्याचे वार्षिक मोल सुमारे ७,२०० रुपये आहे.

आता दुसरी बाजू पाहावी. गाडी तीन लाख रुपयांस घेतली आणि पाच वर्षांनी दीड लाखास विकली, तर वर्षाला ३०,००० रुपयांचा घसारा बसतो. ह्या काळात गाडीत सरासरी सव्वादोन लाख रुपये अडकून राहतात; सहा टक्क्यांनी त्यांचे बुडालेले व्याज १३,५०० रुपये होते. विमा, देखभाल व किरकोळ दुरुस्तीचे २०,००० रुपये आणि पहिल्या गाडीचे इंधन मिळविले, म्हणजे एकूण खर्च सुमारे ८५,२०० रुपये होतो. ह्याऐवजी सुस्थितीतील साधी गाडी दोन लाखांस घेऊन पाच वर्षांनी सव्वा लाखास विकली, तर घसारा १५,००० आणि व्याज ९,७५० रुपयांवर येते, आणि एकूण खर्च सुमारे ६६,४५० रुपये होतो. खरेदीच्या किमतीतील व घसाऱ्यातील ही बचत पावणेएकोणीस हजारांची, म्हणजे इंधनातील बचतीच्या अडीचपटींहून अधिक आहे.

ह्याच हिशेबाची तुलना रिक्षाशी केली पाहिजे. १ फेब्रुवारी २०२५ पासून मुंबई महानगर क्षेत्रात लागू झालेल्या दरांनुसार पहिल्या दीड किलोमीटरास २६ रुपये आणि पुढे दर किलोमीटरास १७ रुपये १४ पैसे पडतात. पाच किलोमीटरांचे भाडे त्यानुसार ८६ रुपये आणि वर्षाचे सुमारे ४३,००० रुपये होते. तात्पर्य, केवळ काटकसर म्हणून दुसरी मोटार घेणे सकृद्दर्शनीच चुकीचे आहे. भर पावसात, रात्रीच्या पाळीस, वृद्ध आईवडिलांना दवाखान्यात नेताना किंवा मुलाला शाळेत सोडून पुढे कामावर जाताना जी निश्चिती मिळते, तिची ही किंमत आहे. ती देण्याजोगी आहे की नाही, हे ज्या त्या कुटुंबाने ठरवावे. मात्र ती किती आहे हे आधी ठाऊक असावे.

किलोमीटर आणि तास

गाडीचे वय मोजण्याचे रूढ साधन म्हणजे किलोमीटरचा आकडा. पण यंत्र अंतराने झिजते तसे ते वेळानेही झिजते. तीन हात नाक्यावरच्या अथवा कल्याण-शीळ रस्त्यावरच्या कोंडीत ताशी सरासरी १५ किलोमीटर वेगाने ४०,००० किलोमीटर झालेल्या गाडीचे इंजिन सुमारे २,६७० तास चालले असते. महामार्गावर ताशी ५५ च्या सरासरीने एक लाख किलोमीटर धावलेल्या गाडीचे इंजिन सुमारे १,८२० तासच चाललेले असते. शिवाय पहिल्या गाडीचा क्लच, ब्रेक आणि गिअर हे पुन्हा पुन्हा वापरले गेलेले असतात. म्हणून 'कमी चाललेली' ह्या विशेषणाने भारून न जाता ती कोठे चालली हे विचारावे आणि क्लचची परीक्षा अवश्य करावी.

थंड इंजिनाचा प्रश्न

अल्प प्रवासाचा खरा शत्रू म्हणजे अर्धवट तापलेले इंजिन. इंधन जळताना पाण्याची वाफ निर्माण होते. इंजिन व धुराडे पुरेसे तापले नाही, तर ती तेथेच थिजते; सायलेन्सर आतून गंजतो आणि न जळलेले इंधन इंजिनच्या तेलात मिसळून तेल पातळ होते. सुरू करताना बॅटरीतून जी वीज खर्च होते, ती दहा मिनिटांच्या प्रवासात पुरती भरून निघत नाही. अशा गाडीचे तेल किलोमीटरांवर न मोजता वर्षाला किमान एकदा बदलावे आणि आठवड्यातून एकदा तिला लांब फिरवून आणावे.

डिझेल गाडीस हा प्रवास विशेष बाधतो. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा ही मानके लागू झाल्यावर डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडविणारी गाळणी आली. साठलेली काजळी जाळून ती स्वच्छ होण्यासाठी काही वेळ अखंड उष्णता लागते. रोज पाच किलोमीटर धावणाऱ्या गाडीस ती मिळत नाही. गाळणी तुंबते आणि तिची दुरुस्ती इंधनातील सर्व बचत गिळून टाकते. सीएनजी गाडी इंधनात स्वस्त असली तरी ती बहुधा पेट्रोलवर सुरू होऊन थोडी तापल्यावर गॅसवर जाते. शिवाय टाकीची दर तीन वर्षांनी चाचणी करावी लागते आणि पंपावरच्या रांगेत वेळ जातो. तेव्हा लहान पेट्रोल गाडी हाच सामान्यतः सुरक्षित पर्याय ठरतो. विजेच्या गाडीस थंड इंजिनाचा दोष मुळातच नाही; परंतु जुन्या गाडीच्या बॅटरीची उरलेली क्षमता आणि सोसायटीत चार्जिंगची सोय ह्या दोन गोष्टी आधी निश्चित केल्या पाहिजेत.

माहितीची विषमता

वापरलेल्या मोटारींच्या बाजाराला अर्थशास्त्रात मानाचे स्थान आहे. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ ह्यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात ह्याच बाजाराचे उदाहरण घेतले. अमेरिकन बोलीत छुप्या दोषांच्या गाडीला 'लेमन' म्हणतात. गाडीचे गुणदोष विकणाऱ्यास ठाऊक असतात, घेणाऱ्यास नसतात. म्हणून घेणारा सरासरी गुणवत्तेचाच भाव देऊ करतो. त्या भावास चांगल्या गाडीचा मालक विकावयास तयार होत नाही आणि बाजारात निकृष्ट गाड्यांचे प्रमाण वाढत जाते. ह्या प्रतिकूल निवडीवरील उपायांचा विचार पुढे मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ ह्यांनी केला. तिघांना २००१ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

त्यांच्या सिद्धान्तांतून खरेदीदारास व्यवहारी बोध घेता येतो. स्पेन्स ह्यांच्या मते, चांगल्या मालाच्या विक्रेत्याला जी खूण सहज दाखविता येते आणि वाइटाच्या विक्रेत्याला महाग पडते, ती विश्वासार्ह असते. देखभालीच्या सलग पावत्या आणि 'तुमचा मिस्त्री आणा' हे आमंत्रण ही अशी खूण होय. स्टिग्लिट्झ ह्यांनी माहिती नसलेल्या पक्षाने परीक्षेच्या अटी घालण्याचा मार्ग दाखविला. गाडी सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, आपल्या समक्ष सुरू करावी ही अट त्याच जातीची आहे. तापवून ठेवलेले इंजिन अनेक दोष झाकते.

ह्या प्रदेशापुरती आणखी एक परीक्षा आवश्यक आहे. २६ जुलै २००५ च्या पुरात कल्याणचे सखल भाग पाण्याखाली गेले. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरामुळे महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणी दरम्यान अडकली. पुरात बुडालेली गाडी धुऊन-पुसून नवी दिसते, पण तिच्या विजेच्या तारांतील गंज काही महिन्यांनी उघड होतो. आसनपट्टा पूर्ण बाहेर ओढून त्याच्या टोकाशी चिखलाचा डाग आहे काय, आसनाखालचे रूळ गंजले आहेत काय आणि गालिच्याखाली कुबट वास येतो काय, हे पाहिल्यास बराच उलगडा होतो.

सुट्या भागांची उपलब्धताही किमतीचाच भाग आहे. प्रीमियर ऑटोमोबाइल्सने प्यूजो ह्या फ्रेंच कंपनीबरोबर भागीदारीत कल्याण-डोंबिवली परिसरातील कारखान्यात १९९४ नंतर प्यूजो ३०९ ही मोटार काढली. काही वर्षांतच भागीदारी संपुष्टात आली. २०१७ मध्ये शेव्हरोले गाड्यांची आणि २०२१ मध्ये फोर्डची भारतातील विक्री थांबविण्याचे निर्णय झाले. बाजारातून गेलेल्या कंपनीची गाडी स्वस्त मिळते. परंतु तो स्वस्तपणा पुढील दुरुस्तीचा आगाऊ दिलेला मोबदला होय.

मालकीचा कागद

गाडीच्या व्यवहारात पैसे दिल्याने ताबा मिळतो. कायद्याच्या दृष्टीने मालक बदलतो तो नोंदणीने. मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये राज्यांतर्गत विक्रीची वर्दी विकणाऱ्याने चौदा आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत द्यावयाची असते. ठाण्याच्या एमएच-०४ आणि कल्याणच्या एमएच-०५ ह्या क्रमांकांत गाडी बदलली तरी क्रमांक तोच राहतो. परराज्यातील गाडीस मात्र तेथील ना-हरकत प्रमाणपत्र लागते आणि महाराष्ट्राचा कर भरावा लागतो. तो किमतीत मिळविल्याशिवाय तुलना करू नये. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार प्रकरणात असा निर्णय दिला की, गाडी हस्तांतरित झाली असली तरी नोंदीत ज्याचे नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईसाठी मालक समजला जाईल. म्हणून नाव-बदल हा विकणाऱ्याच्याही हिताचा आहे. विम्याचे हस्तांतरण चौदा दिवसांत मागावे. ते न केल्यास स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची भरपाई अडचणीत येते. कर्जाचा बोजा उतरला आहे काय आणि दंडाची चलने थकली आहेत काय, हेही पैसे देण्यापूर्वी पाहावे.

खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षे चालते. त्यानंतर तपासणी होऊन ती पाच-पाच वर्षांसाठी वाढविता येते; १ एप्रिल २०२२ पासून ह्या नूतनीकरणाचे शुल्क मोटारीसाठी ५,००० रुपये झाले आणि महाराष्ट्रात पर्यावरण करही द्यावा लागतो. पाच वर्षे वापरावयाची गाडी म्हणून साधारणतः सात-आठ वर्षांची असावी. तिचा मोठा घसारा पूर्वीच्या मालकाने सोसलेला असतो आणि विकतेवेळी तिची मुदतही शिल्लक राहते.

सारांश, अल्प अंतराच्या दुसऱ्या मोटारीची निवड ह्या क्रमाने करावी : प्रथम कागद, मग यंत्राची स्थिती, मग सुट्या भागांची उपलब्धता, त्यानंतर घसारा, आणि सर्वांत शेवटी इंधन. रूढ चौकशीत हा क्रम नेमका उलटा असतो. अंतर लहान असल्यामुळे इंधनातील चूक लहानच राहते; परंतु कागदातील किंवा यंत्रातील चूक अंतराच्या प्रमाणात लहान होत नाही. मध्यमवर्गीय कुटुंबाची काही वर्षांची शिल्लक ह्या एका व्यवहारात गुंतलेली असते, आणि तिचे रक्षण किलोमीटरच्या आकड्याने होत नाही.