चांदीच्या सूक्ष्म कणांभोवती विद्युतक्षेत्राचा नकाशा

अमरावती : बुरशीच्या अर्कात सिल्व्हर नायट्रेट मिसळले, की फिकट द्रावण हळूहळू तपकिरी होते. संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या जैवतंत्रज्ञान विभागात डॉ. महेंद्र राय यांच्या गटाने याच मार्गाने चांदीचे नॅनोकण तयार केले. पांढरीशुभ्र चांदी येथे तपकिरी का दिसते, याचे उत्तर प्रकाशाने निर्माण होणाऱ्या विद्युतक्षेत्रात आहे.

रंगाचे कारण
प्रकाश ही विद्युतचुंबकीय लहर आहे. ती कणावर पडताच चांदीतील मुक्त इलेक्ट्रॉन एकाच वेळी हेलकावू लागतात. या सामूहिक आंदोलनास 'प्लाझमॉन' म्हणतात. चांदीच्या गोल कणांत ते सुमारे ४०० ते ४२० नॅनोमीटर तरंगलांबीच्या जांभळ्या प्रकाशाशी जुळते. तो शोषला गेल्याने द्रावण पिवळसर-तपकिरी दिसते. त्याच वेळी कणाच्या पृष्ठभागालगतचे विद्युतक्षेत्र अनेक पटींनी वाढते. थोडे दूर जाताच ते ओसरते.

नकाशा कसा काढतात?
साध्या सूक्ष्मदर्शकाला सुमारे २०० नॅनोमीटरपेक्षा बारीक तपशील वेगळा दिसत नाही. त्यामुळे इलेक्ट्रॉनांचा बारीक झोत कणाजवळून नेला जातो. आंदोलन जागे करताना झोतातील इलेक्ट्रॉन किंचित ऊर्जा गमावतात. ही घट जागोजागी मोजली, की नकाशा तयार होतो. २००७ मध्ये पॅरिसजवळील ऑर्से येथील संशोधकांनी चांदीच्या एकाच त्रिकोणी कणाचा असा नकाशा प्रसिद्ध केला. सर्वांत कमी ऊर्जेचे आंदोलन त्रिकोणाच्या टोकांशी प्रबळ असल्याचे त्यात दिसले.

वऱ्हाडाला उपयोग काय?
२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. अमरावती-अकोल्याच्या कापूस पट्ट्यातही कीटकनाशकांचा अंश लवकर ओळखणे महत्त्वाचे आहे. प्रत्येक रसायनाचा रेणू प्रकाश विखुरताना स्वतःची खूण सोडतो. हा १९२८ मध्ये शोधलेला रामन परिणाम होय. ही खूण फार क्षीण असते. मात्र कणाच्या टोकाशी किंवा दोन कणांमधील फटीत ती लाखो पटींनी वाढू शकते. थायरमसारखी बुरशीनाशके प्रयोगशाळेत या पद्धतीने ओळखली गेली आहेत.

अडचण एवढीच, की रेणू नेमक्या प्रबळ जागी पोहोचला नाही, तर विष असूनही खूण मिळत नाही. कण असमान असतील, तर एकाच नमुन्याचे निष्कर्षही वेगळे येतात. शेतातील चाचणी भरवशाची व्हायची, तर क्षेत्र कोठे प्रबळ आहे हे आधी कळले पाहिजे. नकाशाचे मोल त्यातच आहे.