ईस्ट इंडियन म्हणजे नेमके कुठले?

मरोळ अंधेरी ईस्टला. इथलं ‘ईस्ट’ ठरतं ते रेल्वेच्या रुळांवरून. मरोळ गावठाणातल्या जुन्या ख्रिस्ती घरांत मात्र दुसरंच एक ‘ईस्ट’ नांदतं आणि सगळा घोळ त्यावरून होतो.

‘आम्ही ईस्ट इंडियन’ असं कुणी म्हटलं की नवख्याला हमखास वाटतं, ही मंडळी बंगाल-ओडिशाकडची असणार. ती तर अस्सल इथली! १५३४ च्या तहाने वसई आणि साष्टी पोर्तुगीजांकडे गेली. पुढे इथल्याच कोळी-कुणब्यांसारख्या अनेक घराण्यांनी ख्रिस्ती धर्म घेतला. सीप्झ या निर्यात क्षेत्राच्या आवारात १५७९ साली बांधलेल्या चर्चचे अवशेष आहेत. १८४० च्या सुमारास साथ आली, तेव्हा गावकरी ते चर्च सोडून मरोळला आले आणि नवं चर्च तिथे उभं राहिलं. जुन्या चर्चभोवती १९७३ मध्ये हे निर्यात क्षेत्र आलं. तरी मे महिन्यातल्या सणाला लोक तिथे जातातच.

मग हे नाव आलं कुठून? एकोणिसाव्या शतकात गोवा-मंगळूरकडचे ख्रिस्ती नोकरीसाठी मुंबईत येऊ लागले. आडनावं त्यांचीही डिसोझा, परेरा; साहेबाला फरक कळेना. आपण ब्रिटिशांची जुनी प्रजा आहोत हे ठसवण्यासाठी स्थानिकांनी १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतलं. कंपनी सरकारने नाव दिलं असं सांगतात, ते खरं नाही. ईस्ट इंडिया कंपनी १८७४ मध्येच विसर्जित झाली होती. तिच्या चाकरीची जुनी ओळख नाव निवडताना कामी आली, एवढंच.

यातली पूर्वही भारताची नव्हे, युरोपची. कोलंबसाने अमेरिकेजवळच्या बेटांना इंडिया समजून घोटाळा केला, ती ‘वेस्ट इंडीज’ झाली. खरा हिंदुस्थान ‘ईस्ट’मध्ये गेला. त्यामुळेच त्रिनिदादमध्ये भोजपुरी मजुरांचे वंशजही ‘ईस्ट इंडियन’च म्हणवले जातात. मरोळकरांशी त्यांचं नातं शून्य.

आडनावावरून भाषेचा अंदाज बांधणारेही फसतात. हा समाज गोव्याची कोंकणी नव्हे, मराठीचीच बोली बोलत आला. लग्नाआधी ‘उंबराचं पाणी’ आणायचा विधीही त्यांचाच. स्वयंपाकघरातला ‘बॉटल मसाला’ बाटलीपासून बनत नाही, हे वेगळं सांगायला नको. उन्हाळ्यात मिरच्या आणि गरम मसाले वाळवून, भाजून, कांडून झाले की तो बिअरच्या गडद बाटल्यांत ठासून भरायचा. उजेड लागला नाही तर रंग आणि वास वर्षभर टिकतो.