पांच डॉलरांचें स्वातंत्र्य

गेल्या उन्हाळ्यांत आमच्या घरीं एक लहानसें वादळ उठलें. माझा धाकटा पुतण्या आपल्या तीन मित्रांसह गिटार आणि ड्रम यांच्या साथीनें गातो. आपल्या संचाला ते बँड म्हणतात. आमच्या मातोश्रींच्या लेखीं मात्र बँड म्हणजे लग्नाच्या वरातीपुढें चालणारा. त्यामुळें नातवाच्या या उद्योगाची त्यांना बरेच दिवस काळजी वाटत होती. अशा स्थितींत एका ध्वनिमुद्रण-कंपनीकडून चिरंजीवांना करारपत्र आलें. मुलगा मार्गाला लागला, म्हणून वडीलमंडळींना आनंद झाला. चिरंजीव मात्र तो कागद घेऊन माझ्या खोलींत आले आणि म्हणाले, "काका, यावर सही करूं नये असें मला वाटतें. तुम्ही एकदां वाचून पाहा."

मीं वाचलें. उचल म्हणून बरी रक्कम देऊं केली होती. परंतु ती उचल व ध्वनिमुद्रणाचा खर्च गाणाऱ्यांच्या हिश्श्यांतून फिटेपर्यंत त्यांच्या हातीं दुसरी कवडीहि पडावयाची नव्हती. आणि सर्व फिटल्यावरहि ध्वनिमुद्रणाची मालकी कंपनीकडेच राहावयाची होती. सावकाराचें कर्ज फेडलें कीं गहाण टाकलेलें शेत सुटतें. येथें कर्ज फिटूनहि शेत सावकाराचेंच! चौकशी करतां कळलें कीं, अशीं कलमें या धंद्यांत नवीं नाहींत.

"अरे, पण सही न करणाऱ्यानें जगावें कसें?" मीं विचारलें. उत्तरादाखल त्यानें मला फुगाझी नांवाच्या एका अमेरिकन बँडची हकीकत सांगितली. पुढें मींहि ती शोधून वाचली. रॉक संगीताच्या गोंगाटाशीं ज्यांना कांहीं कर्तव्य नाहीं, अशा वाचकांनींहि ती ऐकण्याजोगी आहे.

ही हकीकत वॉशिंग्टन शहरांतील. 1980 सालीं तेथें टीन आयडल्स नांवाचा, नुकतीं शाळेंतून बाहेर पडणाऱ्या मुलांचा एक बँड मोडला. जलशांतून सांठलेली थोडी शिल्लक होती. ती वांटून न घेतां आपलीं गाणीं तबकडीवर उतरवून ठेवावीं, असें त्या मुलांनीं ठरविलें. त्यांतील इयान मकाय हा तेव्हां 18 वर्षांचा होता. त्यानें व त्याच्या सोबत्यांनीं याच कामासाठीं डिस्कॉर्ड नांवाची स्वतःची छोटी संस्था काढली. आठ गाण्यांच्या त्या तबकडीच्या पहिल्यानें एक हजार प्रती निघाल्या. एक तयार वेष्टण उकलून त्यांनीं त्याचा नमुना उतरून घेतला आणि घरीं बसून वेष्टणें कापलीं, घड्या घातल्या व गोंदानें चिकटविलीं. विक्रीचा पैसा आला, तो गांवांतील दुसऱ्या बँडांच्या तबकड्यांकडे वळविला. पुढेंहि या संस्थेनें आपल्याच शहरांतील गाणाऱ्यांचें संगीत प्रसिद्ध केलें. लेखी करार केले नाहींत; खर्च वजा जातां उरलेला नफा गाणाऱ्यांशीं वांटून घेण्याची वहिवाट ठेविली.

1987 सालीं मकायनें जो लॅली व ब्रेंडन कँटी यांच्यासह फुगाझी हा बँड उभा केला. गाय पिच्चोटो हा चौथा गडी थोड्याच काळांत येऊन मिळाला. त्यांचे नियम साधे होते. जलशाचें तिकिट बहुतेक ठिकाणीं पांचच डॉलर. प्रवेश सर्व वयाच्या श्रोत्यांना. अमेरिकेंत अनेक जलसागृहें मद्यविक्रीवर चालतात, त्यामुळें अल्पवयी श्रोत्याला दारांतूनच परत फिरावें लागतें. ज्या पोरांसाठीं हें संगीत जन्मलें, त्यांनाच तें ऐकूं येऊं नये, हें या चौघांना मान्य नव्हतें. बँडचें नांव छापलेले सदरे ते विकीत नसत. कोणी जलशांत धक्काबुक्की करून इतरांस इजा करूं लागला, तर गाणें मध्येंच थांबवून त्याला समज देत. तेवढ्यानें न भागल्यास पाकिटांत घातलेले पांच डॉलर त्याच्या हातीं ठेवून बाहेरची वाट दाखवीत. स्वतःच्या शहरांतले त्यांचे बहुतेक जलसे कोणत्या ना कोणत्या लोकोपयोगी कार्याच्या मदतीसाठीं असत.

हे नियम पाहून कोणासहि वाटेल कीं, हीं माणसें पैशाविषयीं विरक्त असावींत. मला नेमकें उलट दिसतें. पैशाकडे त्यांचें बारीक लक्ष होतें. तिकिट पांच डॉलर ठेवावयाचें, तर प्रवासाचा, मुक्कामाचा व माणसांचा खर्च त्यांत बसविला पाहिजे. म्हणून त्यांनीं व्यवस्थापक नेमला नाहीं. जलशांच्या तारखा मकाय स्वतः ठरवी. दौरे आपल्याच गाडींतून होत. आमदनी पाहून खर्च बेतावयाचा, हाच आपल्या आजींचा नियम त्यांनीं तिकडे चालविला. आणि ज्याच्या डोक्यावर उचल नाहीं, त्याला 'नाहीं' म्हणतां येतें.

'नाहीं' म्हणण्याचे प्रसंगहि लौकरच आले. 1991 सालीं निर्वाणा या बँडच्या 'नेव्हरमाइंड' या संग्रहाला अफाट यश मिळालें आणि मोठ्या कंपन्या गल्लीबोळांतील बँडांच्या शोधाला लागल्या. फुगाझीलाहि बोलावणीं आलीं. त्यांनीं तीं नाकारलीं. तरीहि 1993 सालचा त्यांचा संग्रह अमेरिकेंतील सर्वाधिक खपाच्या दोनशेंच्या यादींत आला, आणि तो काढला होता त्याच घरगुती डिस्कॉर्डनें.

याला दुसरी बाजूहि आहे. तबकड्या पाडणें व देशोदेशीं पोंचविणें या कामीं डिस्कॉर्डला लंडनच्या सदर्न या व्यवसायसंस्थेचें साहाय्य होतें. म्हणजे निव्वळ एकट्यानें कोणी तरत नाहीं. शिवाय ज्यानें कंपनीची सही केली, त्याची कला भ्रष्टच झाली, असेंहि म्हणतां येत नाहीं. निर्वाणाचें वर सांगितलेलें यश मोठ्या कंपनीच्याच तबकडीवरचें होतें. कोणाच्या घरीं म्हातारे आईबाप अवलंबून असतील, तर त्यानें उचल घेतली म्हणून त्याला नांवें कोणीं ठेवावींत? फुगाझीच्या मार्गाला श्रीमंती नाहीं, आणि हिशेब, पत्रव्यवहार, गांठोडीं उचलणें हीं सारीं कामें गाणाऱ्याच्याच गळ्यांत पडतात. ज्याला नुसतें गावयाचें आहे, त्यानें या वाटेला न जावें हेंच बरें.

2002 सालीं लंडन येथील जलशांनंतर हा बँड थांबला. तोंपर्यंत त्यांचे हजारांहून अधिक जलसे झाले होते. त्यांपैकीं आठशेंहून अधिक जलशांचीं ध्वनिमुद्रणें त्यांनीं जपून ठेविलीं होतीं; 2011 पासून तीं महाजालावर श्रोत्यांना मिळूं लागलीं. सुचविलेली किंमत पुन्हा पांच डॉलरच! हें करण्यासाठीं त्यांना कोणाची परवानगी घ्यावी लागली नाहीं, कारण गाणीं त्यांचींच राहिलीं होतीं. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीं केलेल्या नकाराचें फळ असें उशिरां हातीं येतें.

ही सारी हकीकत मीं एका रात्रीं जेवणें आटोपल्यावर घरांत सांगितली. कोणी पटल्याचें कबूल केलें नाहीं. मुलाचे वडील म्हणाले, "वॉशिंग्टनचें तिकडे ठीक आहे, इकडे महिनाअखेर कशी निघावयाची?" प्रश्न रास्त होता. पुतण्यानें सांगितलें कीं, सकाळीं दोन ठिकाणीं गिटार शिकवावयाची व सायंकाळीं तालीम करावयाची, असें आपण ठरविलें आहे. करारपत्र उद्यां परत पाठवितों. बराच वेळ कोणी बोललें नाहीं. मग मातोश्री उठल्या आणि फडताळांतून एक कोरी वही काढून त्यांनीं नातवापुढें ठेविली. म्हणाल्या, "गाणें तुझें तूं गा. पण रोजचा जमाखर्च यांत लिहीत जा, आणि महिन्याच्या शेवटीं मला दाखव."

पहिलें पान भरलें आहे. जमेपेक्षां खर्च सव्वाशें रुपयांनीं अधिक आहे, आणि त्याबद्दल आजी-नातवाची रोज बोलाचाली चालू आहे.