अशक्त संगणक आणि पाडलेला वाडा

संगणकावरील खेळ म्हटला कीं वडील माणसांच्या कपाळावर आठी चढते. आमच्याहि चढत असे. परंतु आमच्या घरीं नुकत्याच घडलेल्या एका प्रकारानें त्या आठीचा आम्हांस पुनर्विचार करावा लागला. जुना संगणक व उत्साही मूल हीं दोन्ही ज्या घरीं नांदत असतील, त्या घरीं या हकीकतीचा उपयोग होईल, असें वाटल्यावरून ती येथें देत आहों.

पुण्यास सदाशिव पेठेंत आमचा वडिलोपार्जित वाडा होता. तो २००९ सालीं पाडला गेला. आंतल्या चौकाचें एकहि छायाचित्र आमच्यापाशीं नाहीं. आमच्या चौदा वर्षांच्या नातवानें 'माईनक्राफ्ट' नांवाच्या खेळांत तो वाडा पुन्हा बांधावयास घेतला. या खेळांतील जग एकेक मीटर मापाच्या ठोकळ्यांचें असतें. आम्हीं सांगावें व त्यानें रचावें, असें दोन महिने चाललें. परंतु मागला चौक आमच्या जन्मापूर्वींच भाडेकऱ्यांकडे गेलेला; तो आम्हांस काय ठाऊक? तो पाहिलेली एकच व्यक्ति आज हयात आहे. ती म्हणजे इंदुरास असलेली आमची थोरली बहीण अक्का, वय ८१. म्हणून वाड्यांतून फिरतांना पडद्यावर दिसणाऱ्या दृश्याचें चित्रण करून नातवानें तें तिला धाडलें.

संध्याकाळीं अक्काचा फोन आला : "अरे, चित्र गचके खातें आहे. माझे डोळे फिरले. चौक येण्याआधींच मीं तें बंद केलें."

संगणक २०१३ सालचा, स्मरणशक्ति अवघी चार गिगाबाइट. बाजारांत विचारलें तों "नवा घ्या" हें एकच उत्तर मिळालें, आणि आंकडा ८०,००० रुपयांचा! निवृत्तिवेतनांतून तो कोठून निघावा? आम्हीं नातवास स्पष्टच सांगितलें कीं, हा नाद सोड. तो एवढेंच म्हणाला, "आजोबा, मग मागचा चौक कुणाला विचारायचा?" या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. तेव्हां दोघांनीं मिळून दुखण्याचें निदान करावयाचें ठरविलें.

निदान सोपें निघालें. चित्रण करतांना संगणकास एकाच वेळीं दोन कष्टाचीं कामें करावीं लागतात : खेळाचें दृश्य रंगविणें, आणि रंगविलेलें दृश्य तत्काळ आटोपशीर करून लिहून ठेवणें. १९२० गुणिले १०८० बिंदूंचें एक चित्र म्हणजे २०,७३,६०० बिंदु. प्रत्येकास तीन बाइट. आणि अशीं चित्रें सेकंदास ६०. म्हणजे सेकंदागणिक ३७ कोटींहून अधिक बाइट! इतकें जसेंच्या तसें लिहिणें अशक्य. म्हणून संगणक मागल्या चित्राशीं पुढलें ताडून पाहतो व जेवढें बदललें तेवढेंच नोंदवितो. हें ताडून पाहणेंच प्रोसेसरास दमविणारें आहे. एकाच गड्यास पाणी शेंदावयास व त्याच वेळीं हिशेब लिहावयास बसविलें, तर दोन्ही बिघडावयाचीं!

तेव्हां पहिला उपाय भार उतरविण्याचा. चित्रणासाठीं 'ओबीएस स्टुडिओ' हें विनामूल्य साधन होतेंच. त्यांत चित्राचें माप १२८० गुणिले ७२० केलें व सेकंदास ६० ऐवजीं ३० चित्रें ठेविलीं; ओझें साडेचार पटींनीं घटलें. खेळालाहि ३० चित्रांचीच मर्यादा घातली. खेळांतील दृष्टीचा पल्ला बारा खंडांचा होता, तो सहावर आणला. त्यामुळें भोंवतालच्या ६२५ खंडांऐवजीं १६९ खंडच रंगवावे लागले. ढग व सावल्या बंद केल्या. इंटेलच्या २०११ पासूनच्या अनेक प्रोसेसरांत 'क्विक सिंक' नांवाचा चित्रें आटोपशीर करणारा निराळा विभाग असतो. तो आमच्यांतहि निघाला, त्यास हिशेबनिसाचें काम दिलें. ज्यांच्या यंत्रांत तो नसेल, त्यांनीं 'अल्ट्राफास्ट' हा पर्याय निवडावा. फाईल मोठी होते, पण प्रोसेसरास उसंत मिळते. फाईल 'एमकेव्ही' प्रकारची ठेवावी. मध्येंच वीज गेली तरी तोंवरचें चित्रण सहसा वाया जात नाहीं. शेवटीं एक घरगुती गोष्ट : चिरंजीव संगणक गादीवर ठेवून बसत, त्यामुळें पंख्याचीं छिद्रें बुजत, यंत्र तापे व तापलें कीं आपण होऊन मंदावे. तो पाटावर ठेविला, धूळ झाडली, चार्जर लावला.

गचके पुष्कळ कमी झाले. तथापि चौकाकडे वळतांना एक उरलाच. तेव्हां नातवानें दुसरी युक्ति शोधून काढली, आणि आमच्यांतला संस्कृतचा शिक्षक जागा झाला. खेळ चालू असतां चित्र मुळींच टिपावयाचें नाहीं. त्या जगांत काय घडलें याची केवळ नोंद ठेवावयाची. आधीं सूत्र, भाष्य मागाहून!

ही कल्पना जुनी आहे. १९९३ सालीं अमेरिकेंतील टेक्सास राज्यांत तयार झालेल्या 'डूम' या खेळांत ती होती. त्या काळचे संगणक चलच्चित्र टिपणार कसले? म्हणून तो खेळ सेकंदास ३५ वेळां फक्त चार बाइट लिही : पुढें किती, बाजूस किती, वळणें किती व कोणतें बटण दाबलें. मिनिटाचा हिशेब ८,४०० बाइट! खेळांतील 'यदृच्छा' देखील २५६ अंकांच्या ठराविक कोष्टकांतून येई. म्हणून तीच नोंद पुन्हा चालविली कीं तोच खेळ तंतोतंत घडे.

माईनक्राफ्टसाठीं 'रिप्ले मॉड' नांवाची जी जोड मिळते, ती अशीच त्या जगांतील घडामोडींची नोंद ठेवते. नंतर त्या नोंदींत सावकाश वाट आंखून द्यावी. संगणक एकेक चित्र आपल्या गतीनें रंगवितो. एका चित्रास चार सेकंद लागले तरी बिघडत नाहीं, कारण पाहणाऱ्यास तीं चित्रें समान गतीनेंच दिसतात. आमचें चलच्चित्र तीन मिनिटांचें, म्हणजे ५,४०० चित्रांचें. त्यास सहा तास लागले. रात्रीं दहास लावलेलें काम पहांटे चारच्या सुमारास संपलें. चालण्याची गति नातवानें मुद्दाम अक्काच्या चालीची ठेविली होती.

दुसऱ्या दिवशीं अक्कानें तें तीनदां पाहिलें. मग म्हणाली, "विहीर चौकाच्या मधोमध नव्हती रे, मागच्या भिंतीला लागून होती. शेजारीं दगडी डोणी होती, तींत आई पाणी भरून ठेवी." नातवानें त्याच दिवशीं विहीर हलविली व डोणी घडविली. रात्रीं संगणक पुन्हा पाटावर बसला.

अक्काची दृष्टि दिवसेंदिवस मंद होत चालली आहे. नव्या संगणकासाठीं पैसे सांठेपर्यंत आम्ही थांबलों असतों, तर ती डोणी कोणासच कळली नसती. असो. जिन्याखालच्या कोठीविषयीं विचारावयाचें अजून राहिलें आहे. तें येत्या रविवारीं विचारणार आहों.