‘खास तुमच्यासाठी’ म्हणजे नक्की कुणासाठी?

सोमवारी ऑफिसला पोचायच्या आधीच फोनवर तीस गाणी हजर. शुक्रवारी आणखी एक यादी. मध्ये डेली मिक्स, ऑन रिपीट, रिपीट रिवाइंड आणि दिवसभर नाव बदलत राहणारी डेलिस्ट. सगळ्यांवर पाटी एकच, ‘मेड फॉर यू’. आपल्याला वाटतं, व्वा, काय बडदास्त आहे! पण बॉस, या एका पाटीमागे वेगवेगळी दुकानं आहेत.

स्पॉटिफायचंच घ्या. भारतात ते २०१९च्या फेब्रुवारीत आलं आणि आपल्यातल्या कित्येकांच्या कानात जाऊन बसलं. त्यांची ‘डिस्कव्हर वीकली’ २०१५ची. कल्पना साधी आहे. तुमच्या आवडीची गाणी इतरांनी आपापल्या प्लेलिस्टमध्ये कोणत्या गाण्यांच्या शेजारी ठेवलीत ते बघायचं आणि त्यातली तुम्ही न ऐकलेली उचलायची. गंमत म्हणजे, चाचणीच्या वेळी एका बगमुळे ऐकलेली गाणीही त्यात शिरत होती. बग काढला, तर लोकांचं ऐकणंच घटलं! म्हणजे नव्याची हौस आपल्याला असते, पण सोबत एखादा ओळखीचा चेहराही लागतो.

‘रिलीज रडार’ म्हणजे मुख्यतः तुम्ही ऐकता त्या कलाकारांचं ताजं काम. ‘डेली मिक्स’मध्ये बरीचशी तुमचीच आवडती, अधूनमधून एखादं अनोळखी. आणि ‘ऑन रिपीट’? तिथे शिफारस वगैरे काही नाही. हल्ली तुम्ही जे घोटून घोटून ऐकलंत, तेच. कालचीच भाजी, ताट तेवढं नवं.

खरा घोळ पुढेच आहे. संपादकांनी निवडलेल्या काही प्लेलिस्टसुद्धा २०१९पासून ऐकणाऱ्यागणिक बदलायला लागल्या. नाव तेच, गाणी वेगळी. मी आणि माझी कलीग एकदा लंच अवरमध्ये एकाच नावाची प्लेलिस्ट उघडून बसलो होतो.

‘‘अगं, तिसरं गाणं ऐक ना.’’
‘‘कुठलं? माझ्याकडे तिसरं भलतंच आहे!’’

‘सगळे सध्या हेच ऐकतायत’ असं म्हणायचीही सोय उरली नाही.

इथपर्यंत ठीक, हसून सोडून देता येतं. पण २०२०च्या नोव्हेंबरमध्ये स्पॉटिफायने ‘डिस्कव्हरी मोड’ जाहीर केला. कलाकाराने किंवा लेबलने एखादं गाणं त्यात टाकलं, की रेडिओ आणि ऑटोप्लेसारख्या ठिकाणी ते तुमच्यासमोर यायची शक्यता वाढते. आगाऊ पैसे लागत नाहीत. त्या जागी ते गाणं वाजलं, की रेकॉर्डिंगच्या रॉयल्टीतून ३० टक्के कमिशन कापलं जातं, बस्स. पेपरात पैसे घेऊन छापलेल्या मजकुरावर निदान ‘जाहिरात’ लिहितात. इथे गाण्याशेजारी तशी खूण दिसत नाही. पुण्यात घरच्या खोलीत रेकॉर्डिंग करणाऱ्या एखाद्या नव्या बँडचा विचार करा. कमिशन द्यावं तर आधीच तुटपुंजे असलेले पैसे आणखी कमी, न द्यावं तर मागे पडायची भीती. आणि आपण खुशीत, की ॲपला माझी आवड किती कळते! मला तरी हे खटकतं.

म्हणून आपल्या हातात जे आहे ते वापरा. बहिणीचं बाळ माझ्या फोनवर अंगाई ऐकून झोपतं, आणि मग जिममध्ये ट्रेडमिलवर मलाही अंगाई मिळते. यावर उपाय आहेत. स्पॉटिफायवर ‘प्रायव्हेट सेशन’ लावा किंवा ती प्लेलिस्ट तुमच्या टेस्ट प्रोफाइलमधून वगळा. ॲपल म्युझिकच्या सेटिंगमध्ये ‘यूज लिसनिंग हिस्टरी’ बंद करता येतं, यूट्यूब म्युझिकमध्येही हिस्टरी थांबवता येते. आणि एखादा नवा बँड आवडला, तर त्याचं नाव टाइप करून थेट त्याच्या पानावर जा आणि अल्बम तिथूनच लावा. तिथे मध्ये रेडिओ नाही की ऑटोप्ले नाही.