घरातील यंत्रे, लेखांक ९ : फाटकाच्या नव्या रिमोटची नोंदणी

मागील लेखांकात सरकत्या फाटकाची मोटर आणि तिचे दाते यांची रचना पाहिली. या लेखांकात त्या मोटरला आज्ञा देणाऱ्या रिमोटचा विचार करावयाचा आहे. नागपुरातील सदर भागात रेसिडेन्सी रोडवरील दुकानांची रोलिंग शटरे आणि जुने बंगले पाडून त्या जागी उभ्या राहिलेल्या फ्लॅट स्कीमची फाटके रिमोटवर चालताना दिसतात. परदेशातील घरांना असते तसे गॅरेजचे स्वतंत्र दार आपल्याकडे क्वचितच आढळते; तथापि दार, फाटक आणि शटर या तिन्हींमागील संदेशयंत्रणा तत्त्वतः एकच आहे. नवा रिमोट चालू झाला की काम संपले, असे बहुतेक घरांत मानले जाते. वस्तुतः ज्या रिमोटच्या जागी तो आला, त्याची नोंद पुसली जाईपर्यंत ते काम अपुरेच राहते.

रिमोटचे बटन दाबले असता एक रेडिओसंदेश प्रक्षेपित होतो, ज्याची वारंवारता आपल्याकडील बहुतेक रिमोटांत ४३३.९२ मेगाहर्ट्झ असते, आणि मोटरजवळचा रिसीव्हर, म्हणजे तो संदेश ग्रहण करणारा भाग, त्यातील संकेतांक ओळखून मोटर सुरू करतो. हा संकेतांक दर वेळी तोच राहत असेल तर त्यास स्थिर संकेत म्हणावे. जुन्या रिमोटांत तो डिप स्विच नावाच्या बारीक खटक्यांच्या ओळीने ठरविला जाई, आणि प्रत्येक खटका वर किंवा खाली एवढ्याच दोन स्थितींत राहत असल्याने दहा खटक्यांचे एकूण १०२४ संकेत होतात. ही संख्या किती अपुरी आहे हे अमेरिकेतील सुरक्षातज्ज्ञ सॅमी कामकर यांनी २०१५ मध्ये दाखवून दिले. डच गणिती द ब्रुइन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या क्रमिकेत सर्व संकेत एकमेकांत गुंफून बसविता येतात. तिचा आधार घेऊन, मुलांच्या एका खेळण्यात थोडे फेरफार करून, त्यांनी अशी दारे दहा सेकंदांच्या आत उघडता येतात हे सिद्ध केले. किल्ल्या बनविणाऱ्याकडे जो कॉपी रिमोट मिळतो, तोही मूळ रिमोटसमोर धरला असता अशा स्थिर संकेताचीच नक्कल करतो.

दुसरा प्रकार बदलत्या संकेताचा, ज्यास बाजारात रोलिंग कोड म्हणतात. या प्रकारातील सर्वांत प्रसिद्ध पद्धत, कीलॉक, १९८० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत विकसित झाली आणि १९९५ मध्ये मायक्रोचिप या अमेरिकी कंपनीने तिचे हक्क घेतले. तिच्यात रिमोट आणि रिसीव्हर या दोहोंकडे एक समाईक गुप्त किल्ली आणि एक मोजणी असते. बटन दाबताच मोजणी एकाने वाढते आणि तो आकडा किल्लीने गुंफून पाठविला जातो, त्यामुळे रिसीव्हरने एकदा स्वीकारलेला संदेश कोणी ध्वनिमुद्रणासारखा टिपून पुन्हा वाजविला तरी मोजणी पुढे गेलेली असल्याने तो नाकारला जातो. लहान मुलांनी रिमोट खेळायला घेऊन फाटकापासून दूर कितीतरी वेळा दाबला, तर दोघांच्या मोजणीत अंतर पडते. अशा वेळी रिसीव्हर साधारणतः १६ पावलांपर्यंतचा फरक विनातक्रार मान्य करतो. अंतर त्याहून मोठे असेल तर लागोपाठच्या दोन संदेशांवरून तो पुन्हा मेळ घालतो, म्हणून न चालणारा रिमोट बिघडला असे ठरविण्यापूर्वी फाटकासमोर उभे राहून तो दोनदा दाबून पाहावा. ही पद्धतही अभेद्य नाही, कारण चिपला लागणारी वीज सूक्ष्मपणे मोजून उत्पादकाची मूळ किल्ली काढता येते, हे जर्मनीतील बोखुम विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखविले. तरीही स्थिर संकेताशी तिची तुलनाच होऊ शकत नाही, आणि दुकानाच्या शटरला तर दुसरा पर्याय विचारातही घेऊ नये.

नोंदणीची कृती लहान आहे. नवा रिमोट रिसीव्हरला जुळणाऱ्या प्रकारचा आहे याची खात्री करून मोटरचे झाकण उघडावे. आत २३० व्होल्टचा प्रवाह खेळत असल्याने हात फक्त छापील सर्किटवरील लर्न बटनापुरताच न्यावा, आणि पावसाळ्यात ओल्या जमिनीवर उभे राहून हे काम मुळीच करू नये. लर्न बटन क्षणभर दाबून सोडले की शेजारचा बारीक दिवा लागतो, आणि तो विझण्यापूर्वी नव्या रिमोटचे बटन दाबायचे असते. काही संचांत ते दोनदा दाबावे लागते. दिवा लुकलुकला की नोंद झाली असे समजावे. मात्र पुष्कळ संचांत तेच बटन काही सेकंद दाबून धरले तर स्मृतीतील सर्व रिमोट एकदम पुसले जातात, आणि नवशिक्याचे बोट नेमके तेवढाच वेळ रेंगाळते.

रिमोट हरवला असेल तेव्हा हीच सोय मुद्दाम वापरावी लागते, कारण साध्या संचांत एकच रिमोट वगळण्याची तरतूद नसते. घर एका कुटुंबाचे असेल तर अडचण नाही. वीस फ्लॅटच्या स्कीममध्ये मात्र सर्व पुसून प्रत्येकाचा रिमोट नव्याने नोंदवावा लागतो, त्यासाठी सर्वांना एका संध्याकाळी पार्किंगमध्ये बोलवावे लागते, आणि याच कंटाळ्यापायी भाडेकरू, वाहनचालक व जुने चौकीदार सोडून गेल्यावरही त्यांचे रिमोट वर्षानुवर्षे चालू राहतात. ज्या रिसीव्हरमध्ये प्रत्येक रिमोटला क्रमांक देऊन तो क्रमांक स्वतंत्रपणे पुसता येतो, तो स्कीमच्या समितीने सुरुवातीलाच घ्यावा आणि कोणता क्रमांक कोणाकडे आहे याची वही सचिवाकडे ठेवावी.